रंगाचा दुसरा हात

मिरजेच्या बळवंत पेंटरांच्या दुकानात एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची टाप नव्हती. बोर्डाला रंगाचा पहिला हात ज्याने दिला, त्याने दुसरा हात द्यायचा नाही. तो दुसऱ्याने द्यायचा. आपण काढलेल्या अक्षरातली खोट आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला मात्र रस्त्यापलीकडूनही दिसते, असं त्यांचं म्हणणं. दुकानात माणसं दोनच, ते आणि त्यांची लेक रेणुका. त्यामुळे शाळेतून आल्याबरोबर दप्तर कोपऱ्यात फेकून ही पोरगी मंगल कार्यालयांच्या आणि खतांच्या दुकानांच्या वेलांट्यांवर दुसरा हात फिरवत बसायची. चूक दिसली की बापाला न विचारता सुधारून टाकायची. विचारायचं नाही, हाही नियमातलाच भाग होता.

पुढे बोर्डांचा धंदाच बसला. लोकांच्या नाकावर चष्मे आले. साधे नव्हेत, ज्यांच्या काचेतच पडदा असतो असे. मग दुकानदारांनी रंगवलेले बोर्ड उतरवले आणि राखाडी पत्रे लावले. पत्र्यावर एक बारीकशी खूण. चष्म्याने खूण वाचली की दुकानाचं पान काचेवर उमटतं, ज्याला हवं त्या भाषेत, हव्या त्या रंगात. इतकी वर्षं इंटरनेटची पानं जशी पडद्यावर उमटायची, तशी ती आता रस्त्यावर उमटू लागली, एवढाच फरक. बळवंत पेंटरांनी त्यावर आदळआपट केली नाही. ब्रश धुऊन डब्यात उभे केले आणि लेकीला म्हणाले, "आता तू रंगव."

आणि तिने रंगवलं. तिने पुण्यात जाऊन 'कुंचला' तयार केला.

कुंचला म्हणजे काय, ते एकदा नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच आहे. कुठल्याही पानाचे दोन भाग असतात. एक मजकूर, म्हणजे अक्षरं, चित्रं, जे काय सांगायचंय ते. दुसरं त्याचं रूप. अक्षर केवढं, कुठल्या रंगात, कशामागे काय दिसावं. रूपाचे नियम मजकुरापासून वेगळे लिहिलेले असतात, म्हणून मजकुराला धक्का न लावता रूप बदलता येतं. पूर्वी हे काम पानं बनवणाऱ्यांचंच होतं. कुंचल्याने ते बघणाऱ्याच्या हातात दिलं. आकाराने हे साधन एका फोटोपेक्षाही हलकं. पानावरच्या कुठल्याही वस्तूवर बोट ठेवा, रंग बदला, आकार वाढवा, नकोसं असेल तर फिकं करा. बदल तिथल्या तिथे दिसतो, पण फक्त तुमच्याच काचेवर. मूळ पान जिथल्या तिथे सुखरूप. 'पूस' म्हटलं की तुमचा सगळा रंग उतरतो आणि खालचं जसंच्या तसं पुढे येतं.

"कुंचला रूपाला हात लावतो, मजकुराला कधीच नाही," हे रेणुकाचं आवडतं वाक्य. भाषणात ती ते इतक्या वेळा म्हणे की तिचा नवरा पराग मागच्या रांगेतून ओठ हलवत साथ द्यायचा.

पराग तिचा नवराही होता आणि कंपनीतला भागीदारही. बापाचा नियम रेणुकाने तिथेही नेला होता. तिने लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीवर दुसरा हात परागचा. न विचारता. दोघांच्या चष्म्यांचा कुंचलाही एकच होता. सकाळी चष्मा लावला की परागने केलेल्या सुधारणा तिच्या काचेवर आपोआप उतरायच्या. रेणुकाला अर्धशिशी होती, उजेड सोसायचा नाही, तर तो रस्त्याचा उजेड मवाळ करून ठेवायचा, फ्लेक्सबाजी पुसट करायचा. बायका नवऱ्याबद्दल कौतुकाने काय काय सांगतात! रेणुका सांगायची, "माझं जग रोज सकाळी पराग झाडून देतो."

मग अप्पांना, म्हणजे बळवंत पेंटरांना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा शिल्लक राहिला. रेणुका धावत मिरजेला गेली, दवाखाना केला, शालनबाई नावाच्या भल्या बाईला दिवसरात्रीसाठी ठेवलं आणि घरात घरपान बसवून परत आली.

घरपान आता म्हाताऱ्या माणसांच्या बहुतेक घरांत असतं. खोलीत एक कॅमेरा, पलंगाच्या पायथ्याशी एक पडदा. कॅमेरा नुसतं चित्र पाठवत नाही. दिसणारी प्रत्येक वस्तू तो ओळखतो, तिला नाव देतो आणि खोलीचं एक जिवंत पान तयार करतो. ही भिंत, हा पलंग, हे पांघरूण, हा माणूस. नावं दिली म्हणजे प्रत्येकाला रूपही देता येतं. पुण्यात बसून रेणुकाला मिरजेची खोली दिसायची आणि अप्पांना पडद्यावर रेणुका.

अप्पांच्या पलंगामागे भिंतीवर काळा फळा होता. बोर्डांचे नमुने आखायला त्यांनीच तो रंगवून घेतला होता. निघताना रेणुकाने खडू त्यांच्या डाव्या हाताशी ठेवले. "बोलता येत नाही तर काय झालं? लिहा. मला तिकडे दिसेल."

पण फळा कोराच राहिला. रोज सकाळी ती पान उघडायची. अप्पांच्या चेहऱ्यावर चांगला तजेला असायचा, गाल भरत चालले होते. मागे फळा काळाकुळकुळीत, स्वच्छ. तिला वाईट वाटायचं. ज्या माणसाने अर्ध्या मिरजेला नावं दिली, त्याने खडू टाकला?

"डावा हात आहे, लाजत असतील," पराग म्हणायचा. "आपलं वाकडं अक्षर दाखवायला पेंटर कधी तयार होईल का? वेळ दे."

अप्पा डावा हात उचलून कष्टाने मागे न्यायचे, पुन्हा पुढे आणायचे, पुन्हा मागे. परागने सांगितलं की तो खांद्याचा व्यायाम आहे, डॉक्टरांनी दिलाय. मग रेणुका पडद्यासमोर टाळ्या वाजवायची. "वा अप्पा! अजून एकदा!"

"ताई, बघताय न्हवं?" शालनबाई मागून विचारायची.

"हो हो, बघतेय ना!" रेणुका म्हणायची, हात हलवायची आणि कामाला लागायची.

काम डोक्यावरून पाणी जाईल इतकं होतं. एक मोठी कंपनी राज्यातल्या सगळ्या घरपानांमध्ये कुंचला आधीपासूनच बसवून देणार होती. त्यासाठी तो पार नव्याने लिहायला हवा होता आणि ते रेणुकाशिवाय कुणाला येत नव्हतं. मिरजेला जायचं दर आठवड्याला ठरायचं आणि दर आठवड्याला राहायचं. अप्पा दिसत होते ना, रोज, हसतमुख! पावसाळा असाच गेला, दिवाळीही गेली.

नव्या कुंचल्याच्या अनावरणाचा कार्यक्रम पुण्याच्या एका मोठ्या सभागृहात, सकाळी अकराला होता. माणसं खच्चून भरली होती. रेणुकाच्या काचेवर जे दिसेल तेच तिच्यामागच्या भल्यामोठ्या पडद्यावर दिसणार होतं. आणि ऐन वेळी नमुन्याचं पान रुसलं. उघडेचना. पराग बाजूला मशीनशी खटपट करत होता. लोक खोकायला लागले.

रेणुका भाषणात कसलेली. ती हसून म्हणाली, "नमुना राहू दे. मी तुम्हाला माझ्या घरी नेते."

"रेणू, थांब, होतंय!" पराग बाजूने ओरडला. ती थांबली नाही.

पडद्यावर मिरजेची खोली आली. "हे माझे अप्पा. आयुष्यभर बोर्ड रंगवले. लोकांनी बघितलं तर त्यांना आवडेल." तिने भिंतीवर बोट ठेवून ती निळी केली. पांघरुणावर फुलं काढली. अप्पांच्या सदऱ्याला सोनेरी काठ लावला. लोक हसले, टाळ्या पडल्या. पडद्यातले अप्पा डावा हात उचलून मागे नेत होते.

"आणि आता सगळ्यात महत्त्वाचं," ती म्हणाली. "मी कितीही रंग फासले तरी खालचं घर जसंच्या तसं आहे. बघा. पूस!"

निळी भिंत गेली. फुलं गेली. सोनेरी काठ गेला. गेलं तेवढंच नाही. अप्पांच्या गालांवरचा तजेलाही गेला आणि तिथे खोल खड्डे पडले. आणि त्यांच्यामागच्या काळ्याकुळकुळीत फळ्यावर, सभागृहातल्या शेवटच्या माणसालाही वाचता यावं एवढ्या वाकड्यातिकड्या अक्षरांत, पांढऱ्या खडूने लिहिलेलं होतं: 'रेणू, ये.'

त्याखाली तेच अर्धवट पुसलेलं. त्याखाली पुन्हा तेच. एकावर एक चढलेले कितीतरी 'ये'. अप्पांचा डावा हात मागे गेला होता आणि बोट फळ्यावर टेकलं होतं.

लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. रेणुकाने परागकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. तो पडदा बंद करायची खटपट करत होता.

मंचामागच्या खोलीत तिने कुंचल्यातले नियम उघडले. शोधायला लागलेच नाहीत. परागचं काम नेहमी नीटनेटकं असे. चेहरा उजळ, गाल भरलेले. त्याखाली एक ओळ: फळ्यावरचा खडू, फळ्याच्या रंगात. काळ्यावर काळं. अक्षरं होती तिथेच, दिसत तेवढी नव्हती. घरपान बसवल्यावर दोनच दिवसांत कॅमेरा बंद पडला होता आणि तो दुरुस्त करायला पराग एकटाच मिरजेला जाऊन आला होता, ही ओळ त्याच दिवसाची होती.

"तू गेली असतीस," पराग म्हणाला.

"गेलेच असते."

"आणि सगळं बुडालं असतं. दोन वर्षांची मेहनत. रेणू, डॉक्टर म्हणाले होते तब्येत स्थिर आहे. तू जाऊन नेमकं काय होणार होतं? आज हे झालं की उद्या मीच तुला घेऊन जाणार होतो."

"मला विचारलं का नाहीस?"

"दुसरा हात विचारून द्यायचा नसतो. तुमच्याच घरचा नियम." हे बोलल्यावर आपण काय बोललो ते त्यालाही कळलं असावं, कारण तो घाईने पुढे बोलू लागला. "मी एक अक्षर खोडलेलं नाही. खोडलं असतं तर मी गुन्हेगार. मी फक्त रंग बदलला. रूपाला हात लावला, मजकुराला नाही. तूच सांगतेस ना जगाला?"

रेणुकाला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप, आणि तोही थंड. ज्या वाक्यावर तिने आयुष्य उभं केलं, ते वाक्य नवऱ्याने ढाल करून तिच्यापुढे धरलं होतं.

"अप्पा हात मागे नेऊन मला फळा दाखवत होते," ती म्हणाली. "तू म्हणालास, व्यायाम करतायत. हा कुठल्या रंगाचा नियम होता, पराग?"

परागने आपला चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला.

"मी टाळ्या वाजवल्या रे! बाप हाक मारत होता आणि मी टाळ्या वाजवल्या!"

बाहेर कंपनीची माणसं हार घेऊन ताटकळली होती. ती मागच्या दाराने निघाली.

गाडीत बसल्यावर तिने चष्मा काढून मागच्या सीटवर टाकला. चष्म्याशिवायचा रस्ता तिने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. उन्हाने डोळे दुखू लागले. साताऱ्यापर्यंत दुतर्फा नुसते राखाडी पत्रे, नावं नसलेल्या गावातून चालल्यासारखं वाटत होतं. पेठ नाक्यावर चहाला थांबली तेव्हा तिने हॉटेलवाल्याला नाव विचारलं. तो म्हणाला, "चष्मा लावा की, दिसंल." तिला त्याचाही राग आला. मग लक्षात आलं, सगळ्या महाराष्ट्राने कुंचल्यातून बघावं म्हणून आपणच तर सकाळी मंचावर उभे राहिलो.

मिरजेत पोचली तेव्हा उन्हं कलली होती. शालनबाई दारात तांदूळ निवडत होती. उठली नाही.

"आलासा? सवड घावली म्हनायची."

"शालनबाई, मला दिसलं नाही. खरंच सांगते..."

"दिसलं न्हाई?" शालनबाईने सूप खाली आपटलं. "रोज तर हात हलवून जात हुतासा! म्हाताऱ्यानं फळा दावून दावून खांदा धरला. म्या इचारलं, ताई, बघताय न्हवं? तर म्हनं बघतेय बघतेय. वर टाळ्या! आवो, टाळ्या वाजिवल्यावर म्हाताऱ्याच्या डोळ्याला पानी यायचं. मला वाटायचं, कसल्या काळजाची पोरगी ही."

रेणुका तिथेच पायरीवर बसली.

"आनि जावईबापू आल्ते की, त्यो क्यामेरा नीट कराया. पेढं घिऊन. म्हाताऱ्यानं त्यास्नी हाताला धरून फळा दावला. त्येंनी वाचला, पाय चेपलं, आनि सांगितलं, रेणूनं बघितलंय सगळं, पर तिला आत्ता यायला जमायचं न्हाई."

म्हणजे नुसता रंग नव्हता. परागने तिला सांगितलं की अप्पा लिहीत नाहीत आणि अप्पांना सांगितलं की तिने वाचलंय. बापलेकीच्या मधोमध बसून दोघांना दोन वेगवेगळी चित्रं दाखवली. या माणसाशेजारी आपण रोज जेवलो, हसलो, झोपलो, याचीच तिला किळस आली.

ती आत गेली. अप्पा जागे होते. तिला पाहिलं, क्षणभर पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"अप्पा, मला फळा कोरा दिसत होता."

ते हलले नाहीत. बोलून काही उपयोग नव्हता. बोर्डाचे पैसे बुडवताना मंगल कार्यालयांचे मालकही अप्पांना असलीच कारणं सांगायचे. रेणुका पलंगाला वळसा घालून त्यांच्या तोंडासमोर गेली, पायथ्याचा पडदा काढून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला आणि त्यावर खोलीचंच पान उघडलं. पडद्यात फळा, फळ्यावर 'रेणू, ये'. मग तिने तिथेच कुंचला उघडून परागचा नियम लावला.

पडद्यातला फळा कोरा झाला.

अप्पांनी मान वळवून खऱ्या फळ्याकडे पाहिलं. तिथे अक्षरं होती. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. कोरं. डाव्या हाताने खूण केली, पुन्हा दाखव. तिने पुन्हा दाखवलं. उतरवला नियम, अक्षरं आली. लावला, गेली. म्हातारा पेंटर होता. कशावर कशाचा हात फिरवलाय ते ओळखायला त्याला दुसऱ्यांदा बघावं लागलं, तिसऱ्यांदा नाही. त्यांनी उशाशी हात नेला, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवलेले खडू चाचपले, आणि फळ्याच्या कडेला लिहिलं, 'कोण'.

रेणुकाला खोटं बोलता आलं असतं. मशीन बिघडलं म्हणाली असती तर म्हाताऱ्याला जावई तरी राहिला असता.

"पराग," ती म्हणाली.

दारात उभी असलेली शालनबाई म्हणाली, "केसानं गळा कापला म्हना की!"

अप्पांनी परागने आणलेल्या पेढ्यांच्या त्या खोक्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने त्यांनी ते पलंगावरून ढकलून दिलं. खडू फरशीवर घरंगळले.

तेवढ्यात पडदा उजळला. घरपान उघडून कोण बघतंय ते त्याच्या कोपऱ्यात लिहून येतं. तिथे लिहून आलं, 'पराग बघत आहे'. मग त्याचा चेहराही आला, सकाळचाच सदरा, डोळे सुजलेले. "अप्पा, मला एकदा बोलू द्या. रेणू, प्लीज..."

अप्पांनी शालनबाईला बोटाने खूण केली. पडदा, भिंत. शालनबाईने पडदा उचलला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला. पराग काहीतरी बोलत होता. तिने कॅमेऱ्यावर आपला हातरुमाल टाकला तेव्हा त्याचा आवाजही थांबला.

रेणुका अप्पांच्या पायाशी बसली. वाटलं, आता ते डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी हात फिरवला नाही. त्यांनी फळ्यावरच्या सगळ्यात वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि हनुवटीने विचारलं.

"रेणू, ये," तिने वाचलं.

बोट खाली सरकलं. पुन्हा हनुवटी वर.

"रेणू, ये. आले ना अप्पा."

त्यांनी मान हलवली. आलीस ते नको सांगूस, वाच. बोट पुढच्या ओळीवर. एवढे महिने रोज ती बघतेय बघतेय म्हणत होती, आता तिच्या नुसत्या म्हणण्यावर त्यांचा विश्वास राहिला नव्हता. तिने वाचायचं, मोठ्याने, एकेक, आणि ते तिच्या ओठांकडे बघणार. पुसट झालेलं, अर्धं राहिलेलं, हात घसरला तिथे नुसता काना उरलेलं, तिने सगळं वाचलं. तिचा आवाज फुटायचा तेव्हा ते थांबायचे, पण बोट उचलायचे नाहीत.

शेवटी त्यांनी औषधाचं स्टूल बाजूला करायची खूण केली. त्यामागे फळ्याचा तळाचा कोपरा होता, कॅमेऱ्यात न येणारा. तिथली अक्षरं बारीक होती, पण ताजी आणि आश्चर्य वाटावं इतकी सरळ. फार विचार करून, सावकाश काढलेली.

अप्पांनी त्यावर बोट ठेवलं.

रेणुकाने वाचलं, आधी मनात. मग तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते वाट बघत होते.

"आता नको येऊस," तिने मोठ्याने वाचलं.

अप्पा तिच्या तोंडाकडे बघत राहिले. नवा बोर्ड चढवला की रस्त्यापलीकडे जाऊन ते तो असेच बघत उभे राहायचे. मग त्यांनी पाण्याच्या भांड्यात फडकं बुडवलं, ते दातांनी आणि डाव्या हाताने पिळलं. रेणुका मदतीला पुढे झाली तर त्यांनी तिचा हात बाजूला केला. वाकून, धापा टाकत, त्यांनी स्वतः तेवढीच एक ओळ पुसून काढली.

वरचे सगळे 'ये' त्यांनी तसेच ठेवले.